काळ्या मातीत चालणाऱ्या नव्या फोर-बाय-फोरसाठी चाके आणि टायर कसे निवडावेत

नवी फोर-बाय-फोर गाडी अंगणात उभी राहिली की टायर बदलण्याचा सल्ला देणारे पहिल्याच आठवड्यात भेटतात, आणि बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठे, रुंद, मडगार्डच्या बाहेर आलेले चाक असते. विदर्भाच्या ग्रामीण भागात गाडी वापरणाऱ्याने मात्र हा निर्णय दोन गोष्टींवरून घ्यावा. आपली गाडी वर्षभर कोणत्या मातीतून जाते, ही पहिली. आणि टायर फाटला किंवा रिम वाकली तर ती नीट करून देणारा माणूस किती अंतरावर आहे, ही दुसरी. पुढील माहिती थार, जिम्नी किंवा गुरखा यांसारखी गाडी नुकतीच घेतलेल्या आणि टायरच्या मापांशी अजून ओळख नसलेल्या वाचकांसाठी आहे.

आधी एक पावसाळा कंपनीच्या टायरवर काढावा

गाडीबरोबर आलेले टायर लगेच विकून टाकण्याची घाई करू नये. जूनमधील पेरणीपासून कापूस घरी येईपर्यंत गाडी त्याच टायरवर चालवावी आणि ती कुठे फसली, कुठे घासली, कुठे पंक्चर झाली याची एका वहीत नोंद ठेवावी. या नोंदीतून बहुतेकांच्या असे लक्षात येते की गाडीचे बरेचसे अंतर डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर कापले जाते आणि खरी अडचण गाव ते शेत या पांदण रस्त्यावर, तीही ठरावीक दिवसांतच, येते. तसे असेल तर चिखलाचे आडदांड टायर घेऊन वर्षभर त्यांचा आवाज आणि डिझेलचा वाढीव खर्च सोसण्यात अर्थ नाही. नोंदीत वारंवार टायरची बाजू फाटल्याचे दिसत असेल, तर मात्र पावसाळा संपण्याची वाट न पाहता टायर बदलण्याचा विचार करावा.

माती आणि शेत यांप्रमाणे गरज बदलते

अकोट, तेल्हारा, दर्यापूर या पूर्णेच्या खोऱ्यातील आणि यवतमाळ-वर्धा पट्ट्यातील काळी माती ओली झाली की फुगते, चिकट होते आणि टायरच्या नक्षीत घट्ट बसते. नक्षी भरली की टायर कितीही महागडा असला तरी तो गुळगुळीत टायरसारखाच वागतो. रुंद खाचांचे टायर ही माती फेकून देतात, पण त्यासाठी चाक काहीसे वेगाने फिरावे लागते. हळू गतीने रुतत चाललेल्या गाडीत ही सफाई होतच नाही. म्हणून स्पष्ट सांगायचे तर झडीनंतरच्या खोल काळ्या रानात कोणत्याही टायरवर भरवसा ठेवू नये. वाफसा येईपर्यंत गाडी डांबरीवर उभी करून पायी जाणे हाच तेथे शहाणपणाचा मार्ग आहे, आणि टायर विकणारा हे सांगेल अशी अपेक्षा नको.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात प्रश्न वेगळा आहे. वर्षानुवर्षे चिखलणी केलेल्या बांधीत वर मऊ चिखल आणि खाली कठीण थर असतो. अशा ठिकाणी उंच आणि तुलनेने अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थरावर टेकतो, तर अतिरुंद टायर वरच तरंगत घसरतो. गडचिरोलीतील मुरमाचे आणि जंगलातील रस्ते एटी, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीच्या, टायरला मानवतात. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे काळ्या बेसॉल्टचे अणकुचीदार दगड रस्त्यावर असतात. तेथे नक्षीपेक्षा टायरची बाजू किती मजबूत आहे हे अधिक महत्त्वाचे.

कपाशीच्या भागात एक धोका वर्षाच्या शेवटी येतो. पऱ्हाटी (कपाशीची झाडे) आणि तुरी कापून नेल्यावर जमिनीत उरलेली धसकटे वाळून खिळ्यासारखी कडक होतात. त्यांवरून गाडी गेली की टायरच्या पृष्ठभागावर झालेले पंक्चर काढता येते, परंतु बाजूला, म्हणजे साईडवॉलला, भोक पडले तर तो टायर बाद होतो. तेथे बसवलेली रबराची वात प्रवासात केव्हाही निसटू शकते आणि कोणत्याही जबाबदार दुकानदाराने ती बसवू नये. रब्बीनंतर उघड्या रानातून वारंवार जाणाऱ्याने एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे, बाजूला अधिक थर असलेले टायर पाहावेत. बाभळीचे काटे हा त्यामानाने किरकोळ त्रास आहे, कारण ते बहुधा बाजूतून नव्हे, पृष्ठभागातून घुसतात.

एचटी, एटी आणि एमटी

एचटी टायर डांबरी रस्त्यासाठी असतात, एटी दोन्हीकडे चालतात आणि एमटी चिखलासाठी असतात. नवशिक्यांपैकी बहुतेकांना एटी पुरेसे होतात. एमटीच्या नक्षीतील मोठ्या गोट्यांमुळे ओल्या डांबरावर ब्रेक लागायला अंतर अधिक लागते, आवाज येतो आणि झीजही लवकर होते. दररोज चिखलातून ये-जा करावी लागत असेल तरच हा तोटा पत्करावा.

टायरवरील अक्षरे वाचायला शिकावे

टायरच्या बाजूवर '२५५/६५ आर १८' असे लिहिलेले असते. यातील २५५ म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १८ म्हणजे इंचांमधील रिमचा व्यास. यावरून पूर्ण चाकाचा व्यास घरी बसून काढता येतो: २५५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १६६, त्याची दुप्पट सुमारे ३३२, आणि त्यात १८ इंचांचे ४५७ मिलिमीटर मिळवले की ७८९ मिलिमीटर. तीनदारी थारच्या वरच्या प्रकारात हे माप मिळाले. खालच्या प्रकारात २४५/७५ आर १६ होते, ज्याचा व्यास ७७४ मिलिमीटर भरतो. रिम दोन इंचांनी लहान असूनही पूर्ण चाकातील फरक जेमतेम १५ मिलिमीटर आहे. राहिलेली जागा रबराच्या बाजूने भरून काढली आहे, आणि खड्डा, दगड, चाकोरी यांचा मार ही रबराची बाजूच सोसते.

यापुढे भारांक आणि वेगाचे अक्षर असते. भारांक १०० म्हणजे प्रत्येक टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो. वेगाचे अक्षर क्यू असेल तर ताशी १६० किलोमीटर, एस असेल तर १८० आणि टी असेल तर १९० किलोमीटर ही कमाल मर्यादा असते. समृद्धी महामार्गावर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असल्यामुळे क्यू अक्षराचा टायरही कागदावर पुरतो, पण मे महिन्यातील उन्हात तापलेल्या काँक्रीटवर तासन्तास एकाच वेगाने जाणाऱ्याने थोडी वरची श्रेणी घेतलेली बरी. भारांक मात्र कंपनीच्या टायरपेक्षा कधीही कमी नसावा. खताची पोती आणि मागे बसलेली चार माणसे हे ओझे आपल्याकडे रोजचेच आहे.

खरेदी करताना बाजूवरील चार अंकांचा उत्पादनाचा शिक्का अवश्य पाहावा. '२३२५' असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. कमी खपणारी मापे तालुक्याच्या दुकानात बराच काळ पडून असतात, आणि सवलतीचे कारण कित्येकदा या चार अंकांत सापडते. आयएसआय चिन्हही तपासावे.

माप किती वाढवावे

टायर मोठा केल्याने गाडीची जमिनीपासूनची उंची व्यासाच्या वाढीच्या निम्मीच वाढते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ७८९ मिलिमीटरचे चाक काढून २८५/७० आर १७ मापाचे ८३१ मिलिमीटरचे बसवले तर व्यास ४२ मिलिमीटरने वाढतो, पण डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणारी आसावरील गिअरपेटी, जेमतेम २१ मिलिमीटरने उचलला जातो. त्या बदल्यात स्पीडोमीटर चुकू लागतो: काटा आधी जितका अचूक होता त्या मानाने आता तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ वर असेल. चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो, ब्रेकला जड चाक थांबवावे लागते, आणि स्टिअरिंगचे सांधे व चाकांचे बेअरिंग यांवर ताण वाढतो. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असेल तर त्या दाराच्या बिजागऱ्यांवरही वाढीव वजन येते, आणि पांदणीतील हादऱ्यांनी ते दार काही काळाने खडखडू लागते.

नवशिक्याने व्यासातील वाढ दोन ते तीन टक्क्यांच्या आत ठेवावी. या मर्यादेत बहुधा सस्पेन्शन उचलावे लागत नाही, मडगार्ड कापावे लागत नाही आणि गाडीची मूळ चालही टिकून राहते. जिम्नीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिचे मूळ माप १९५/८० आर १५ म्हणजे ६९३ मिलिमीटर आहे. २१५/७५ आर १५ हे माप ७०४ मिलिमीटर भरते, म्हणजे वाढ दीड टक्का. आणि २१५/७५ आर १५ हे बोलेरोचे माप आहे. ज्या तालुक्याच्या बाजारात दुसरे काही मिळत नाही तेथेही बोलेरोचा टायर मिळतो, कारण गावोगाव त्या गाड्या आहेत. विदेशी मासिकांतील छायाचित्रे पाहून निवडलेले माप नागपूरहून मागवावे लागत असेल, तर भामरागडला किंवा सेमाडोहला टायर फाटल्यावर ते माप निरुपयोगी ठरते.

रिम बदलायची की नाही

अनेकदा टायर बदलणे पुरेसे असते आणि रिमला हात लावण्याची गरज नसते. तरीही बदलायची असेल तर ग्रामीण वापरासाठी माझा कौल मोठ्या अलॉयऐवजी लहान व्यासाच्या लोखंडी रिमला आहे. लोखंडी रिम खड्ड्यात वाकते, पण पंक्चरवाला ती हातोड्याने ठोकून हवा धरण्याइतपत सरळ करून देतो आणि माणूस घरी पोहोचतो. अलॉय रिमला तडा गेला तर रस्त्याच्या कडेला काहीच करता येत नाही, आणि वेल्डिंग करून घेतलेल्या अलॉयवर वेगात विसंबणे धोक्याचे आहे. अलॉय हलकी असते आणि दिसायला चांगली असते, हे मान्य करूनही हा मुद्दा राहतोच.

त्याच मॉडेलच्या खालच्या प्रकारात कंपनीने दिलेली लहान रिम मिळाली तर सर्वांत उत्तम, कारण तिची मापे जुळलेली असतात. बाहेरची रिम घेताना चार गोष्टी तपासाव्यात. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, तंतोतंत जुळला पाहिजे. जिम्नीत तो पाच नट आणि १३९.७ मिलिमीटर असा आहे. मधले भोक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर, नीट बसले पाहिजे. नटांची बैठक, शंकूची की गोलाकार की सपाट, रिमप्रमाणेच असली पाहिजे, कारण चुकीच्या बैठकीचा नट घट्ट वाटतो आणि चालताना सैल होतो. चौथी गोष्ट ऑफसेट, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू तिच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे ते. रिमवर 'ईटी' या अक्षरांपुढे जो आकडा असतो तो जितका कमी, तितके चाक बाहेर येते. ४० ऐवजी शून्य ऑफसेटची तेवढ्याच रुंदीची रिम लावली तर प्रत्येक बाजूचे चाक ४० मिलिमीटरने बाहेर सरकते. मग चिखल थेट दारांवर उडतो, बेअरिंग लवकर जातात आणि बैलबंडीच्या खोल चाकोरीत स्टिअरिंग हाताला हिसके देते. कंपनीच्या ऑफसेटच्या जवळ राहावे आणि हब व रिम यांच्यामध्ये स्पेसर बसवून चाक बाहेर काढण्याच्या फंदात पडू नये. रिम बसवण्यापूर्वी ती ब्रेक कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागाला, घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे.

कायदा, विमा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका उचलून धरली. टायर मडगार्डच्या बाहेर येणे हे तपासणीत सर्वांत आधी नजरेत भरते. आपल्या मॉडेलच्या कोणत्याही प्रकारात कंपनीने दिलेल्या मापापर्यंत राहणे हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. त्यापलीकडे जायचे असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि वॉरंटीतील सस्पेन्शन व स्टिअरिंगविषयीची अट सर्व्हिस सेंटरकडून लिहून घ्यावी. तोंडी 'काही होत नाही, भाऊ' याला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

खरेदी आणि बसवणे

टायर चार नव्हे, पाच घ्यावेत. थार आणि जिम्नी यांची चारचाकी चाल गरजेपुरती लावायची असते आणि त्यांत पुढच्या व मागच्या आसांमध्ये फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नसतो. स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि ती एका आसावर लावून फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या चालीत, गाडी चालवली, तर वेगवेगळ्या व्यासांच्या चाकांमुळे दोन्ही आसांना ताकद पोहोचवणाऱ्या गिअरपेटीवर, म्हणजे ट्रान्सफर केसवर, नाहक ताण येतो. याच कारणाने कोरड्या डांबरावर चारचाकी चाल लावू नये, आणि एक टायर बाद झाला तर उरलेल्यांशी झिजेने जुळणारा टायर शोधावा.

बसवताना स्वतः समोर उभे राहावे. टायर रिमवर चढवण्यासाठी साबणाचे पाणी किंवा त्यासाठीचे विशेष मलम चालते. ग्रीस किंवा जळके ऑइल लावू देऊ नये. व्हॉल्व्ह नवे घ्यावेत. गाडीत हवेचा दाब दाखवणारे सेन्सर असतील तर ते मोडू नयेत यासाठी दुकानदाराला आधीच सांगावे. त्यानंतर बॅलन्सिंग करून चाक गाडीला लावावे. नट प्रथम हाताने फिरवून बसवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, आणि शेवटचा ताण हवेच्या गनने न देता टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतका द्यावा. गनने अंदाधुंद आवळलेला नट निर्जन जागी गाडीतील छोट्या पान्याने सुटत नाही, आणि ते अंधार पडल्यावरच कळते. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत.

पुढची चाचणी मोकळ्या जागेत करावी. एक पुढचे चाक हळूच धुऱ्यावर चढवावे, म्हणजे त्या बाजूचे सस्पेन्शन दबते. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर मडगार्डच्या आतील आवरणाला, चासीला किंवा ब्रेकच्या नळीला घासतो का ते दुसऱ्या माणसाला पाहायला सांगावे. सपाट जागेवर न घासणारा टायर नाल्यात उतरताना घासू शकतो. ब्रेकच्या नळीला किंचितही स्पर्श होत असेल तर ते माप परत करावे. यानंतर अलाइनमेंट करून पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी सबुरीने चालवावी, कारण नव्या टायरवरील साच्याचा थर घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही.

हवा

हवेचा मूळ आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावलेल्या कागदावर असतो. टायरचे माप मूळ मापाच्या जवळ असेल तर तेथूनच सुरुवात करावी आणि एलटी टायरसाठी किती वाढवावी हे विक्रेत्याकडून त्याच्या तक्त्यावरून घ्यावे. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे ४५ अंशांच्या दुपारी चालून आलेल्या टायरमध्ये तो चढलेला दिसणारच. तो पाहून हवा सोडणे ही मोठी चूक आहे. कमी हवेचा टायर बाजूने अधिक दुमडतो, अधिक तापतो आणि महामार्गावर फुटतो.

चिखलात किंवा नदीच्या वाळूत मात्र हवा उतरवल्याने टायर लांबट पसरतो आणि पकड वाढते. ३२ वरून १८ ते २० पीएसआयवर आलेला टायर मोठ्या मापाच्या टायरपेक्षा अधिक काम करतो, आणि त्याला खर्च येत नाही. पण हवा कमी झालेला टायर बाजूला फुगतो, आणि धसकटांच्या रानात ती फुगलेली बाजूच आधी फाटते. म्हणून वाळूत व चिखलात हवा उतरवावी, कापलेल्या पऱ्हाटीच्या शेतात उतरवू नये. हवा कमी असताना वेग तीसच्या वर नेऊ नये आणि झटक्याने वळू नये, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबरीला लागण्यापूर्वी हवा परत भरण्यासाठी बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि विश्वासू गेज गाडीत असावे. या दोन वस्तू नव्या रिमच्या आधी घ्याव्यात.

नंतरची निगा

पावसाळ्यात ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले तर थेट बॅलन्सिंगला जाऊ नये. प्रथम रिमची आतील बाजू पाहावी. तेथे काळ्या मातीचा वाळलेला गोळा चिकटलेला असतो आणि चाकाचा तोल त्यानेच बिघडवलेला असतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो काढला की थरथर बहुधा थांबते. शेतातून डांबरीवर येताना चाकांची ढेकळे काढून टाकण्याची सवयही असावी, कारण रस्त्यावर पडलेल्या ओल्या मातीवरून मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो.

दर आठ ते दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसह पाचही चाके फिरवून लावावीत. कारच्या टायरसाठी नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे आणि खाचांमधील छोटे उंचवटे ती दाखवतात, पण चिखलात चालणारा टायर त्याच्या बराच आधी निकामी झालेला असतो. काढून ठेवलेले मूळ टायर आणि रिम गाडी विकताना उपयोगी पडतात, म्हणून वॉरंटी संपेपर्यंत तरी ते विकू नयेत. रिमवर चढवलेले टायर थोडी हवा कमी करून एकावर एक आडवे रचावेत, उन्हापासून दूर ठेवावेत, आणि ज्या खोलीत मोटारपंप किंवा बॅटरी चार्जर चालतो तेथे ठेवू नयेत, कारण विजेच्या ठिणगीतून तयार होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो. रिम नसलेले सुटे टायर उभे ठेवून अधूनमधून फिरवावेत.